जुनी लढाऊ विमानं एअर शोमध्ये उडताना का दिसत नाहीत? आणि आता मिग-२१ चं काय?

मिल्टनकीन्सवाला

नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. ओल्ड वॉर्डनचं शटलवर्थ संग्रहालय इथून पाऊण तासावर, डक्सफर्ड त्याच्या थोडं पुढे. उन्हाळ्यात जमेल तेव्हा एअर शो बघायला जातो. स्पिटफायर तर इतक्या वेळा बघितलीय की लांबून आवाजावरून ओळखतो. हरिकेन, मस्टँग, डाकोटा, अगदी पहिल्या महायुद्धातली कापडी विमानंसुद्धा उडताना पाहिली.

पण हंटर, लाइटनिंग, व्हल्कन, कॅनबेरा ही जेटच्या जमान्यातली विमानं जिथे तिथे गवतावर उभी किंवा दोरीच्या पलीकडे. ८० वर्षांपूर्वीचं विमान उडतं आणि ६० वर्षांपूर्वीचं उडत नाही, हे उलटं कसं?

दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला आपल्या मिग-२१ ला निरोप दिला गेला. लहानपणी आमच्या गच्चीवरून नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्याची मिग दिसायची, आधी विमान जायचं आणि मागून आवाज यायचा. आपलं हवाई दल डाकोटा, हार्वर्ड आणि टायगर मॉथ हौसेने उडतं ठेवतं, मग एखादं मिग-२१ का नाही? कुणी या क्षेत्रातलं असेल तर नीट समजावून सांगा.

ओझर_ओव्हरहॉल

मी ओझरला मिग-२१ च्या ओव्हरहॉलमध्ये नोकरी केली. एअरफ्रेम आणि हायड्रॉलिक हे माझं काम. विमान उडताना कसं दिसतं यापेक्षा त्याची पॅनेलं उघडल्यावर आत काय दिसतं ते मला जास्त माहीत आहे, म्हणून तिथूनच सांगतो. निवृत्तीनंतर मुलाकडे इंग्लंडात राहून आलो, तेव्हा तुम्ही म्हणता ती ठिकाणंही बघितली.

आधी स्पिटफायर. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट, एक पिस्टन इंजिन, केबलवर चालणारी नियंत्रणं. तिची मर्लिन इंजिनं अमेरिकेतली धरून दीड लाखाच्या आसपास तयार झाली. आजही ती पूर्ण उघडून पुन्हा बांधणारी वर्कशॉप इंग्लंड-अमेरिकेत आहेत. पंखाचा स्पार, म्हणजे आतला मुख्य कणा, नवा करून मिळतो, रेडिएटर नवा मिळतो, प्रोपेलरची लाकडी पाती नवी मिळतात. एखादा भाग कुठेच मिळाला नाही तर जुन्या ड्रॉइंगवरून कसलेला माणूस तो घडवतो. नुसत्या सांगाड्यावरून आणि एका नंबरप्लेटवरून पूर्ण विमान उभं राहिलेलं आहे. म्हणून आज जगात पन्नासच्या वर स्पिटफायर उडतात. त्यातल्या काही आपल्याच हवाई दलाच्या, सत्तरच्या दशकात भारतातून गोळा करून परदेशी नेलेल्या.

आता जेटकडे या. मिग-२१ घ्या, कारण माझे हात त्यावर चाललेत. त्यात प्रत्येक वस्तूला दोन आयुष्यं असतात. एक उड्डाणाच्या तासांचं, दुसरं कॅलेंडरचं. तास उरलेत म्हणून चालत नाही, वर्षं भरली की तो भाग काढायचा. रबराचे सील, होज, फ्यूजलाजमधल्या, म्हणजे विमानाच्या धडातल्या, रबरी इंधनटाक्या या उडवल्या नाहीत तरी म्हाताऱ्या होतात. बरीच वर्षं न वाजवलेल्या पेटीचा भाता कसा घडीवर चिरतो, तशी ती टाकी चिरते. आणि ती बदलायची तर तो आकार, ते रबर, ती परीक्षा करणारी फॅक्टरी हवी.

वैमानिकाच्या सीटखाली काडतुसं असतात. सीट बाहेर फेकणारी, पट्टे ओढणारी, कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, उडवणारी. त्यांची मुदत संपली की ती फेकून नवी बसवायची. हौशी मालकाला ही काडतुसं कोण देणार? दारूगोळ्याचाच प्रकार आहे तो. पाश्चात्त्य जेटची हीच अडचण आहे, सीट बनवणाऱ्यांनी जुन्या सीटना खाजगी मालकांसाठी आधार देणं बंद करत आणलं.

मिगचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तेलावर नाही. त्या बाटल्या, ते व्हॉल्व्ह, सगळं वेगळं. सुरुवातीच्या इंजिनांना पेटवायला पेट्रोलची वेगळी छोटी टाकी होती. उतरताना शेपटीतून पॅराशूट सुटतं, ते प्रत्येक वेळी नीट घडी घालून भरणारा माणूस लागतो. अशी पन्नास कामं, आणि प्रत्येकाचा जाणकार वेगळा. आमच्या हँगरमध्ये मिगचा सर्वज्ञ असा एक माणूस कधीच नव्हता. हायड्रॉलिकवाला, इलेक्ट्रिकवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, सीटवाला, सगळे मिळून एक विमान बाहेर पडायचं. इंजिन तर आमच्याकडे होतही नव्हतं, ते ओडिशातल्या कोरापुटहून यायचं.

हे झालं लोखंडाचं. याहून मोठी अडचण कागदाची आहे, आणि तिचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तुमच्याच देशात आहे.

व्हल्कन एक्सएच५५८. चार ऑलिम्पस इंजिनांचं ते प्रचंड त्रिकोणी बॉम्बर. हवाई दलातून निघाल्यावर लोकांनी वर्गणी काढली, लॉटरीच्या निधीतून मदत मिळाली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ते पुन्हा उडालं. वर्षाचा खर्च सुमारे २० लाख पौंड, तोही लोकांनी दिला. २०१२ च्या मे महिन्यात दमट हवा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या हवेच्या वाटेत राहिल्या आणि टेक-ऑफच्या वेळी दोन इंजिनं एकदम गेली. न वापरलेली इंजिनं त्यांच्याकडे मोजकीच होती, नवीन होणार नव्हती. त्यातूनही ते सावरले. पैसे होते, वैमानिक होते, लाखो चाहते होते. तरी २८ ऑक्टोबर २०१५ ला ते शेवटचं उडालं.

कारण असं, की ब्रिटनच्या नियमांनुसार अशा गुंतागुंतीच्या विमानामागे जाणकार कंपन्यांनी जबाबदारी घेऊन उभं राहावं लागतं. रचनेबद्दल, दुरुस्तीबद्दल, इंजिनाबद्दल ‘हो, हे सुरक्षित आहे’ म्हणून सही करणारं कुणीतरी लागतं. व्हल्कनमागे अशा तीन कंपन्या होत्या: बीएई सिस्टिम्स, मार्शल आणि रोल्स-रॉइस. ते विमान ज्यांनी घडवलं, सांभाळलं, त्यांची पिढी निवृत्त होत गेली. एखाद्या जोडात चीर दिसली तर ती चालण्यासारखी आहे की नाही, हे अनुभवावरून सांगणारा माणूस उरेना. तेव्हा २०१५ च्या हंगामानंतर आम्ही आधार देऊ शकत नाही, असं तिघांनी सांगितलं. विमान उडण्याच्या स्थितीत असताना थांबलं. मला त्या कंपन्यांचा राग येत नाही. ज्याची खात्री देता येत नाही त्यावर सही करायची नसते, आमच्या हँगरमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

लाइटनिंगचं दुखणं वेगळं. दोन एव्हन इंजिनं शेजारी-शेजारी नसून एकावर एक. वर इंधन गळलं तर खाली गरम इंजिन. नोकरीत असतानाच तिच्यात आगी लागायच्या. ब्रिटनने ती खाजगी हातात उडू दिली नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला एका कंपनीने उडवली. नोव्हेंबर २००९ मध्ये ओव्हरबर्गच्या एअर शोमध्ये मागे आग लागली, हायड्रॉलिक गेलं, वैमानिकाने बाहेर पडायचा प्रयत्न केला तर कॅनॉपी सुटली नाही. तो गेला. वर काडतुसांबद्दल लिहिलं ते कुणाला बारीकसारीक वाटू नये म्हणून हे सांगितलं.

हंटरबद्दल उद्या लिहितो, तो विषय थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

ऑकलंड_काका

वरच्या प्रतिसादाला मनापासून दाद. एक भर घालतो. अडचण फक्त जेटची नाही, लाकडाचीही आहे.

मी न्यूझीलंडमध्ये असतो, सुतारकामाची आवड घरातूनच आली. डी हॅविलंड मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं विमान बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून, फ्यूजलाजचे दोन अर्धे भाग साच्यावर वळवून, गोंदाने चिकटवून बनवायचे. सात हजारांच्या वर बनली. पण पत्रा गंजला तर तुकडा कापून नवा लावता येतो. गोंदाचा सांधा आतून सुटला तर बाहेरून दिसतही नाही. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो हवेत तुटल्या, पंखाचं वरचं आवरण स्पारपासून सुटत होतं. चौकशी होईपर्यंत विमानं जमिनीवर ठेवावी लागली. आपल्याकडचं ऊन आणि पावसाळा लाकडाच्या सांध्याला काय करतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

उडणारी शेवटची जुनी मॉस्किटो, आरआर२९९, जुलै १९९६ मध्ये मँचेस्टरजवळ बार्टनला शो करताना पडली, दोघेही गेले. त्यानंतर बरीच वर्षं जगात एकही उडत नव्हती. मग इथे ऑकलंडमध्ये एका माणसाने, ग्लिन पॉवेल त्यांचं नाव, फ्यूजलाजचे साचेच नव्याने बनवले. त्या साच्यांवर सगळं लाकूड नवं घेऊन आर्डमोरच्या कारागिरांनी केए११४ उभी केली आणि २७ सप्टेंबर २०१२ ला ती उडाली. धातूचे भाग आणि इंजिनं जुनी, लाकूड आणि गोंद आजचा. पुढे ती अमेरिकेला गेली, आणि इथून आणखीही बाहेर पडल्या.

म्हणजे साचा असेल तर विमान परत येतं. साचा गेला तर पैसा काही करू शकत नाही.

विमाननगर_पुणे

मॉस्किटोवरून आठवलं. मला लिबरेटरबद्दल लिहायचंय, कारण तिचा पुण्याशी संबंध आहे आणि तो पुण्यातही फार जणांना माहीत नाही.

बी-२४ लिबरेटर हे अमेरिकन बॉम्बर, अठरा हजारांच्या वर बनलं. आज जगात उडण्याच्या स्थितीत येऊ शकतील अशी दोनच मानतात. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने आपली लिबरेटर कानपूरला सोडली, आणि कुणी वापरू नयेत म्हणून जाताना मोडतोड केली. हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलच्या लोकांनी ती जागेवरच उडण्याइतकी नीट केली. एचएएलचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बंगळूरला नेली, तिथे पूर्ण दुरुस्ती झाली. चाळीसच्या आसपास विमानं अशी उभी राहिली. आपलं हवाई दल ती १९६८ पर्यंत वापरत होतं. लष्करी सेवेत लिबरेटर उडवणारं आपलं हवाई दल जगातलं शेवटचं.

मग जगभरातल्या संग्रहालयांना जाग आली की आपल्याकडे एकही उरलेली नाही. अ‍ॅरिझोनात टक्सनच्या पीमा संग्रहालयात जी उभी आहे, ती १९६९ मध्ये आपल्या पुण्याहून उडत तिथे गेली. एक कॅनडाला गेली. एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयासाठी गेली. आणि अमेरिकेत बरीच वर्षं एअर शोमध्ये उडणारी ‘विचक्राफ्ट’ हीसुद्धा भारतात उघड्यावर पडलेली होती, ऐंशीच्या दशकात सुटी करून नेली. स्वतः आपल्याकडे पालमच्या संग्रहालयात एक आहे, ती उभीच.

माझा प्रश्न ओझरवाल्या काकांना: ‘विचक्राफ्ट’ पिस्टन इंजिनाची, भाग मिळतात, चाहते आहेत. मग ती अलीकडे का दिसत नाही?

ओझर_ओव्हरहॉल

ताई, लिबरेटरची हकिगत लिहिलीत ते फार बरं केलंत. आमच्या ट्रेनिंगमध्ये जुने लोक कानपूरच्या त्या कामाबद्दल अभिमानाने बोलायचे. मोडून ठेवलेलं विमान, मॅन्युअल नाही, निर्मात्याची मदत नाही, आणि तरी ते उडवून बंगळूरपर्यंत नेलं. भारतीय फिटरने काय करून दाखवलं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पैशात आहे. अमेरिकेत अशी बॉम्बर लोकांना तिकीट लावून फेरी मारून आणत, त्या पैशावर पेट्रोल आणि दुरुस्ती चालायची. ‘विचक्राफ्ट’ ज्या संस्थेची, तिच्याच बी-१७ ला २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटमध्ये अपघात झाला, सात जण गेले. नंतर त्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली गेली. फेऱ्या थांबल्या की चार इंजिनांचं विमान उडवायचं कशावर? २०२३ मध्ये बी-१७ च्या पंखांच्या जोडणीत चिरा सापडल्या, सगळ्या मालकांना तपासणी करावी लागली. वय झालेल्या धातूत हे होणारच. बी-२९ जगात दोन उडतात, लँकेस्टर दोन, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. एवढी मोठी विमानं उडतात याचंच मला नवल वाटतं.

आता हंटर.

२२ ऑगस्ट २०१५. दक्षिण इंग्लंडात शोरहॅम. हंटर टी-७ लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, घेत होतं. वरच्या टोकाला पोचलं तेव्हा उंची पुरेशी नव्हती, चौकशी अहवालानुसार साधारण २,७०० फूट, हवी होती किमान ३,५००. खाली येताना ते सरळ होऊ शकलं नाही आणि एअर शोबाहेरच्या ए-२७ रस्त्यावर आदळलं. अकरा माणसं गेली. त्यातलं कुणी तिकीट काढून बसलेलं नव्हतं. गाड्यांमधून जाणारी, सायकलवरून जाणारी, रस्त्याकडेला थांबलेली माणसं होती ती.

अपघाताचं कारण उड्डाण होतं, यंत्र नाही. पण चौकशी करणाऱ्यांनी विमान उघडलं तेव्हा सीटची काडतुसं मुदत संपलेली निघाली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न होतो. ज्या हँगरमध्ये एक तारीख चुकलेली चालते तिथे दुसरीही चालते.

त्यानंतर ब्रिटनने जमिनीवरून उडताना जुन्या जेटना कसरती बंद केल्या, सरळ येऊन सरळ जायचं. लोकांपासूनचं अंतर वाढवलं. हंटर तर बराच काळ जमिनीवरच होती.

वेगाचं गणित बघा, म्हणजे नियम कडक का ते कळेल. स्पिटफायर ताशी ४०० किलोमीटरने, तीन जीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराचं, वळण घेते, तेव्हा वर्तुळाची त्रिज्या साडेचारशे मीटरच्या आत असते. हंटर किंवा मिग ताशी ८०० ने चार जी घेतं, तरी त्रिज्या तेराशे मीटरच्या आसपास जाते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच किलोमीटरच्या वर. इंग्लंडात इतक्या जागेत दोन खेडी, एक शाळा आणि एक हायवे असतो. स्पिटफायर मैदानाच्या आत नाचू शकते, जेटला मैदान पुरत नाही. आणि लांबून वळून आलेलं विमान क्षणात निघून जातं, म्हणजे प्रेक्षकालाही फारसं दिसत नाही.

मिल्टनकीन्सवाला

काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. शोरहॅमचं ऐकून होतो पण काडतुसांचं माहीत नव्हतं.

मग एक शंका. इथे नॅट उडते, मी स्वतः बघितलीय, लाल रंगाची. तीही जेटच. ती कशी चालते? आणि नॅट चालते तर आपलं भारतात बनलेलं लढाऊ जेट मारुत का नाही? दोन्हीत ऑर्फियस इंजिनच ना?

साधासरळ_ठाणे

मी विमानातला जाणकार नाही, पण वरचं वाचून एक विचारावंसं वाटतं. रस्त्यावरची अकरा माणसं जातात, वैमानिक जातात. मग हा अट्टहास कशासाठी? वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत उभं आहे, मुलं बघतात, फोटो काढतात. तेवढं पुरेसं नाही का? मिग-२१ मध्ये आपले कितीतरी तरुण वैमानिक गेले. त्यांच्या आईवडिलांना ते विमान करमणुकीसाठी उडताना बघून काय वाटेल?

ओझर_ओव्हरहॉल

ठाणेकर, तुमचा प्रश्न मी बाजूला सारणार नाही. मिग-२१ च्या प्रत्येक अपघाताची बातमी आली की आमच्या हँगरमध्ये काम थांबायचं. कुठला नंबर, आपल्याकडून कधी गेलं होतं, हे सगळ्यांच्या तोंडी यायचं. त्या घरांना काय वाटेल हे मला सांगता येणार नाही, पण त्यांना विचारात घेतल्याशिवाय कुणी मिग-२१ करमणुकीसाठी उडवू नये, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

आधी नाशिककरांच्या नॅटचं. नॅट टी-१ हे ब्रिटिश हवाई दलाचं शिकाऊ विमान, १९७९ पर्यंत त्यांच्या रेड अ‍ॅरोज पथकाने वापरलेलं. लहान, हलकं, एकच ऑर्फियस, आफ्टरबर्नर (जोर वाढवायला मागे जादा इंधन जाळणारी सोय) नाही. नोकरीतून निघाली तेव्हा चांगल्या स्थितीत होती, सुटे भागही भरपूर होते. लंडनजवळ नॉर्थ वील्डला एक गट ती सांभाळतो. तीही धोक्याबाहेर नाही: १ ऑगस्ट २०१५ ला, शोरहॅमच्या तीन आठवडे आधी, ओल्टन पार्कला एक नॅट पडली आणि वैमानिक गेला.

मारुतमध्ये तसली दोन इंजिनं. कुर्ट टँक यांनी बंगळूरला रचलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. पण एकूण १४७ बनली, सगळी एकाच कारखान्यात, एकाच देशासाठी. १९९० मध्ये शेवटची गेली. जगात दुसरीकडे कुठेही त्याचा सुटा भाग नाही, दुसरा जाणकार गट नाही. पस्तीस वर्षांत जिग, म्हणजे जुळणीचे साचे, गेले आणि माणसंही गेली. जी विमानं उरली ती बहुतेक उघड्यावर. ऊन कॅनॉपीला तडे पाडतं. पक्षी इंजिनात हवा घेणाऱ्या इंटेकमध्ये घरटी करतात आणि त्यांची विष्ठा धातू खाते. दोन वेगळे धातू जिथे जोडलेत तिथे पाणी साचलं की आतून पांढरी भुकटी सुटते, बाहेर रंग चकचकीत असतो. वरळीसारख्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. आणि चौकात खांबावर चढवलेलं विमान तर उडण्याच्या दृष्टीने कायमचं संपलेलं, कारण खांब बसवायला पोटात लोखंड जोडावं लागतं.

हवाई दल डाकोटा, हार्वर्ड, टायगर मॉथ का उडवू शकतं, तेही यातूनच कळेल. तिन्ही पिस्टनची, तिन्ही हजारोंनी बनलेली, तिघांचे भाग आणि कारागीर जगभर आहेत. डाकोटा व्हीपी९०५ ‘परशुराम’ इंग्लंडात कॉव्हेंट्रीला दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत भारतात आली. राजीव चंद्रशेखर यांनी ती वडिलांच्या, म्हणजे डाकोटाचे वैमानिक असलेल्या एअर कमोडोर चंद्रशेखर यांच्या आठवणीत दिली. नंबर ठेवला तो २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख पलटण घेऊन उतरलेल्या डाकोटाचा.

मिग-२१ अमेरिकेत खाजगी हातात आहेत, क्वचित उडाल्याही आहेत. तिथे वाळवंटात मोकळी जागा आहे. पण ऑगस्ट २०२३ मध्ये मिशिगनच्या शोमध्ये खाजगी मिग-२३ पडलं. दोघे सीटमधून बाहेर पडून वाचले, विमान वस्तीच्या पार्किंगमध्ये पडलं. जमिनीवरची माणसं वाचली. हे कुणाच्या हिशेबात बसणारं नाही.

म्हणून मिग-२१ उडत ठेवा असं मी म्हणणार नाही. मी वेगळंच मागतो. एक विमान जिवंत ठेवा.

इंग्लंडात वेल्सबर्नला व्हल्कन एक्सएम६५५ आहे. ते उडत नाही. पण स्वयंसेवक त्याची इंजिनं चालू करतात, ते धावपट्टीवर पळवतात, नाक थोडं उचलेल इतक्या वेगाने. मी गेलो होतो तिथे. चारही ऑलिम्पस पूर्ण जोरात आल्या तेव्हा छातीत थरथर जाणवत होती. ब्रंटिंगथॉर्पलाही एका गटाने लाइटनिंग वर्षानुवर्षं अशीच पळवली, आफ्टरबर्नरसकट. यात सीटची काडतुसं लागत नाहीत, रस्त्यावरच्या कुणाला धोका नाही. पण हायड्रॉलिक दाबात राहतं, सील ओले राहतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते चालवणारी माणसं तयार होत राहतात.

आपल्याकडे हे आज शक्य आहे. मिग-२१ कालपरवा निवृत्त झालं. ओझर आणि कोरापुटला ते उघडून बंद केलेली शेकडो माणसं चाळिशी-पन्नाशीत आहेत. टेस्ट रिग आहेत, मॅन्युअल आहेत, सुटे भाग गोदामात आहेत. पाच-सात वर्षांनी गोदामं रिकामी होतील, रिग भंगारात जातील. मारुतचं तेच झालं. साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ आपण या देशात बांधली, त्यातलं एक शेडमध्ये, इंजिन चालू होईल अशा स्थितीत, दर दोन महिन्यांनी पॅनेलं उघडून तपासलेलं हवं. ओझरची धावपट्टी तर आहेच. ठाणेकर, शाळेतली मुलं वरळीला विमानाचा आकार बघतात, ते चांगलंच आहे. पण नाकातला शंकू पुढेमागे होताना, एअर ब्रेक उघडताना, इंजिन हळूहळू आवाज चढवत जाताना बघितलं तर त्यातला एखादा मुलगा इंजिनिअर होईल. मी असंच एक इंजिन चालू होताना बघून आयटीआयला गेलो.

साधासरळ_ठाणे

हे पटलं. जमिनीवर चालवण्याबद्दल माझी काही हरकत नाही. उलट असं झालं तर मुलांना घेऊन येईन.

विमाननगर_पुणे

काका, जुन्या सहकाऱ्यांकडून हे ज्ञान लिहून काढता येईल का? निदान मराठीत, तुमच्या शब्दांत. मी टाइप करायला तयार आहे.

ओझर_ओव्हरहॉल

नक्की. जे गोपनीय आहे ते सोडून. ब्रेकची हवा, पॅराशूटची घडी, सील बदलताना बोटाला काय जाणवायला हवं, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नीट लिहिलेलं नसतं. आमचे दोन-तीन जण नाशिकरोडला भेटतात, त्यांना रविवारी विचारतो.

नाशिककर, तुम्ही वेल्सबर्नला जाणार असाल तर धावपट्टीच्या बाजूला उभे राहू नका, इंजिनं चालू करतात तिथल्या कुंपणाजवळ थांबा. एकेक इंजिन क्रमाने चालू करतात. पहिलं स्थिर झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाहीत. त्या वेळी विमानाकडे कमी आणि हेडसेट लावून उभ्या असलेल्या माणसाच्या हातांकडे जास्त बघा.

मिल्टनकीन्सवाला

पुढची तारीख बघून ठेवतो काका. तिथून व्हिडिओ टाकतो, आवाजासकट.